पार्श्वभूमी एका वाक्यात लिही

डेस्कवरचा माझा तिसरा आठवडा. ऑगस्ट २०२५. एजन्सीची कॉपी आली, न्यू कॅलेडोनियातल्या ‘एफएलएनकेएस’ या स्वातंत्र्यवादी आघाडीनं फ्रान्सबरोबरचा बूजिव्हाल करार फेटाळला. सर स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले, “चार ओळींचं संक्षिप्त कर. आणि पार्श्वभूमी एका वाक्यात टाक, लोकांना माहीत नसतं.”

मला तरी कुठे माहीत होतं? मी लिहिलं, ‘फ्रान्सच्या ताब्यातील या बेटांवर २०२४ मध्ये मतदारयादीच्या वादातून दंगली उसळल्या होत्या.’ सरांनी मान डोलावली. बातमी गेली. वाक्यात चूक एकही नव्हती. तरी घरी जाताना लोकलमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. मतदारयादीवरून कुणी गाड्या जाळतं का हो? आपल्याकडे यादीत नाव नसलं तर आपण स्टोरी टाकतो आणि झोपतो. मग मी वाचायला बसले. पुढचं सगळं म्हणजे त्या एका वाक्यात न मावलेली पार्श्वभूमी.

न्यू कॅलेडोनिया तुम्हाला आठवत असेलच, तर बहुधा टिकटॉकमुळे. मे २०२४ मध्ये तिथे हिंसाचार पेटला, आणीबाणी लागली आणि फ्रान्स सरकारनं त्या बेटांपुरतं टिकटॉक बंद करून टाकलं. आमच्या मीडिया लॉच्या वर्गात यावर तासभर वादावादी झाली होती. आपल्याकडे २०२० मध्ये टिकटॉक गेलं त्याला चीनचं निमित्त होतं. इथे कारण वेगळं होतं. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे ज्यांच्या शाळेच्या भिंतीवर कोरलेलं असतं, त्या देशाला आपल्याच नागरिकांच्या रील्सची भीती वाटत होती. जवळपास दोन आठवडे बंदी होती. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सच्याच सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती बेकायदा ठरवली. पण वर्गातल्या त्या तासभरात ‘कनाक’ हा शब्द कुणीच उच्चारला नव्हता. मीही नाही.

तर नकाशा उघडा. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, ब्रिस्बेनपासून साधारण दीड हजार किलोमीटरवर एक लांबट, काकडीसारखं बेट दिसेल. आजूबाजूला काही छोटी बेटं. लोकसंख्या २ लाख ७० हजारांच्या आसपास. राजधानी नूमेआ. पॅरिसपासून अंतर १७ हजार किलोमीटर. जमिनीखाली निकेल. स्टेनलेस स्टीलमध्ये लागतं ते, आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीतही. आणि जमिनीवर, जवळजवळ तीन हजार वर्षांपासून, कनाक लोक.

१७७४ मध्ये कॅप्टन कुक तिथे पोचला. त्याला ते डोंगर बघून स्कॉटलंड आठवलं, म्हणून नाव पडलं न्यू कॅलेडोनिया. राहणाऱ्यांना विचारायची पद्धत नव्हतीच. २४ सप्टेंबर १८५३ ला फ्रान्सनं बेटावर झेंडा लावला. तिसऱ्या नेपोलियनला दूरवरची एक जागा हवी होती, कैदी पाठवायला. १८६४ मध्ये पहिली कैद्यांची बोट आली आणि पुढच्या तीसेक वर्षांत वीस हजारांहून जास्त कैदी तिथे उतरवले गेले. फ्रान्सचं काळं पाणीच म्हणा. सुटलेल्या कैद्यांना जमिनी द्यायच्या, बाहेरून शेतकरी आणून वसवायचे, म्हणजे वसाहत पक्की. जमीन कुणाची? हा प्रश्न कागदावर कधी आलाच नाही.

आधी आली गुरं

मला वाटलं होतं, आता बंदुका आणि तोफा येतील. पण कनाकांचं आयुष्य आधी मोडलं ते गुरांनी.

कनाक हे शेतकरी. याम, म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद, आणि तारो, म्हणजे चक्क आपलं अळू, ही त्यांची मुख्य पिकं. अळूसाठी डोंगरउतारावर पायऱ्या कापून पाट फिरवलेले. याम तर नुसता खायचा नाही, लग्नात, मयतीत, पाहुणचारात, सगळीकडे द्यायचा. वर्षाचं कॅलेंडरच यामच्या लागवडीवर. अशा मुलखात गोऱ्या वसाहतवाल्यांनी हजारो गुरं आणली आणि मोकाट सोडली. गुरं शेतात शिरली, वाफे तुडवले. पाट फुटले. गावाकडे ज्यांचं शेत आहे त्यांना वेगळं सांगायला नको की एका रात्रीत मोकाट जनावरं काय करतात. इथे ते वर्षानुवर्षं चाललं, त्यात १८७७ च्या सुमारास दुष्काळ पडला.

ला फोआ भागातला मुखिया अताई. त्याची एक गोष्ट तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तो गव्हर्नरकडे गेला. आधी एक पोतं सुपीक मातीचं ओतलं, मग दुसरं दगडगोट्यांचं. हे आमच्याकडे होतं, हे तुम्ही ठेवलंत. गव्हर्नरनं सल्ला दिला म्हणे, शेताला कुंपण घाला. अताईचं उत्तर असं की माझं अळू जेव्हा चालत जाऊन तुमची गुरं खाईल, तेव्हा घालतो कुंपण. हे शब्द जसेच्या तसे झाले का, ते सोडा. पण गोष्ट टिकली, कारण ती खरी लागते.

२५ जून १८७८ ला उठाव सुरू झाला. ला फोआ, मग दुसऱ्या दिवशी बूलूपारी. पोलीस ठाणी, गोऱ्यांची शेतं, घरं. यात बायका-मुलंही मारली गेली, हे लपवण्यात अर्थ नाही. वसाहतीच्या बाजूचे सुमारे दोनशे लोक गेले. फ्रेंच सैन्याचा प्रमुख कर्नल गॅली-पासबोस्क पहिल्या काही दिवसांतच मारला गेला. नूमेआतल्या गोऱ्यांची झोप उडाली. त्यानंतर सैन्यानं गावं जाळली, शेतं उपटली, झाडं तोडली. हजाराच्या आसपास कनाक मेले असा अंदाज आहे. उरलेल्यांना आपापल्या मुलखातून उठवून पाइन बेटासारख्या ठिकाणी नेऊन टाकलं.

१ सप्टेंबर १८७८ ला अताई मारला गेला. मारणारे फ्रेंच नव्हते. फ्रेंचांच्या बाजूनं लढणारे कानाला भागातले कनाक योद्धे होते. इथे मी जरा वेळ थांबले. ‘आपल्यातल्याच कुणी तरी’ हे वाक्य आपल्या इतिहासातही किती वेळा येतं. पण कानालावाल्यांच्या डोक्यात ‘आपण सगळे कनाक’ अशी काही कल्पना तेव्हा होती का? बेटावर अठ्ठावीस भाषा, प्रत्येक कुळाचं वेगळं राजकारण. ‘कनाक’ ही एक जमात आहे, हे आधी फ्रेंचांनी ठरवलं. त्यांना एकच गोष्ट दिसत होती, उद्या उलटू शकेल असा काळा जमाव.

अताईचं डोकं कापून स्पिरिटमध्ये बुडवून पॅरिसला पाठवलं गेलं. मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी! नंतर ती कवटी सापडत नाही असं शतकभर सांगितलं जात होतं. २०११ मध्ये ती सापडली, पॅरिसमध्येच, संग्रहालयाच्या साठ्यात. २०१४ मध्ये ती वंशजांकडे सोपवली गेली आणि १ सप्टेंबर २०२१ ला, बरोबर १४३ वर्षांनी, ला फोआच्या मातीत गेली.

एक गंमत, म्हणजे गंमत नाही खरं तर. त्याच वेळी बेटावर फ्रान्सचे राजकीय कैदी होते. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमधले हजारो क्रांतिकारक, आणि अल्जीरियात फ्रेंचांविरुद्ध उठलेले कबाइल लोक. हे तरी कनाकांच्या बाजूनं उभे राहिले असतील ना? नाही. बहुतेक जण गप्प बसले, काही जण चक्क सैन्याला मदत करायला गेले, माफी मिळेल या आशेनं. ठळक अपवाद लुईझ मिशेल नावाच्या शिक्षिकेचा. तिनं कनाकांची भाषा शिकायचा प्रयत्न केला, त्यांच्या कथा गोळा केल्या. उठावाच्या आदल्या रात्री भेटायला आलेल्या दोन कनाकांना आपल्या कम्यूनच्या लाल स्कार्फचे दोन तुकडे करून दिले, असं तिनं आत्मचरित्रात लिहिलंय. तुमच्या कॉलेजातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सगळ्या जगाच्या क्रांतीवर बोलणारे, पण शेजारच्या गल्लीचा विषय निघाला की ‘ते वेगळं आहे यार’ म्हणणारे असतील, तर त्यांना ही गोष्ट सांगा. आमच्या ग्रुपवर आहेत. मीही त्यात येते अधूनमधून.

रात्री आठनंतर दिसायचं नाही

उठाव दडपला, पण भीती दडपता येत नाही. १८८७ मध्ये कनाकांसाठी वेगळी नियमावली आली, ‘इंदिजेना’. अल्जीरियात आधी वापरून झालेली. त्यातल्या गुन्ह्यांची यादी वाचली की राज्यकर्ता कशाला घाबरत होता ते सरळ कळतं. परवान्याशिवाय आपला इलाखा सोडणं, गुन्हा. गोऱ्यांच्या वस्तीत पारंपरिक शस्त्र घेऊन जाणं, गुन्हा. रात्री आठनंतर शहरात फिरणं, गुन्हा. गुत्त्यात शिरणं, गोऱ्याच्या घरात परवानगीशिवाय पाऊल टाकणं, जादूटोणा करणं, हुकूम न पाळणं, सगळे गुन्हे. खटला नाही, वकील नाही. प्रशासनच पकडणार आणि तेच शिक्षा देणार.

सोबत माणशी कर, आणि वेठबिगारी. कर भरायला पैसे हवेत, पैशासाठी गोऱ्यांकडे राबायला हवं. हे चक्र कसं फिरतं ते वेगळं समजवायला नको. आणि राखीव वस्त्या. १८९० च्या दशकाच्या अखेरीस गव्हर्नर फेये यानं कॉफी लावायला फ्रान्सहून शेतकरी आणले आणि कनाकांना आक्रसत नेलं. मुख्य बेटाचा जेमतेम दहावा हिस्सा त्यांच्याकडे उरला, तोही बराचसा डोंगराळ. रोगराई होतीच. १९२० च्या सुमारास कनाकांची संख्या २७ हजारांच्या आसपास येऊन ठेपली होती. ‘ही जमात आपोआप संपणार’ असं त्या काळात उघड बोललं जायचं.

१९१७ मध्ये पुन्हा भडका उडाला. पहिलं महायुद्ध चालू होतं, फ्रान्सला सैनिक हवे होते. जे नागरिकच नाहीत त्यांनी फ्रान्ससाठी मरायचं! हजाराच्या आसपास कनाक गेले, साडेतीनशेहून जास्त परत आले नाहीत. उत्तरेकडच्या कोने आणि येंगेन भागात भरतीला आणि जमीन बळकावण्याला विरोध पेटला. त्यांचा एक म्होरक्या नोएल, जानेवारी १९१८ मध्ये मारला गेला.

इंदिजेना संपली १९४६ मध्ये. सगळ्या प्रौढ कनाकांना मताचा अधिकार मिळायला १९५७ उजाडलं.

आता फुटबॉलवाल्यांसाठी. १९९८ चा वर्ल्ड कप. फायनलला झिदानचे दोन हेडर तुम्ही यूट्यूबवर पाहिलेच असतील. त्या टीममध्ये लांब केसांचा एक मिडफिल्डर होता, क्रिस्टियन कारेम्ब्यू. राष्ट्रगीत वाजायचं तेव्हा तो ओठ हलवायचा नाही. हा लिफू बेटावर जन्मलेला कनाक. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये भव्य वसाहती प्रदर्शन भरलं, त्या निमित्तानं शंभरेक कनाकांना बोटीत घालून नेलं गेलं. तुमची कला दाखवायची आहे, असं सांगून. प्रत्यक्षात त्यांना प्राण्यांच्या बागेत ‘नरभक्षक’ म्हणून उभं केलं, गुरगुरायला लावलं. त्यातल्या साठेक जणांना जर्मनीतल्या प्राणिसंग्रहालयाकडे पाठवलं आणि बदल्यात मगरी घेतल्या. मगरी! त्या कनाकांत कारेम्ब्यूचे पणजोबा होते. गीत न गाणाऱ्या खेळाडूला देशद्रोही म्हणायला आपण किती वेळ घेतो, दहा सेकंद?

लोकसंख्येचा डाव

साठच्या दशकाच्या अखेरीस निकेलचा भाव वधारला आणि बाहेरून माणसं लोटली. कनाक स्वतःच्या बेटावर निम्म्याहून कमी झाले. हे आपोआप झालं असं वाटेल. पण जुलै १९७२ चं एक पत्र आहे, पंतप्रधान पिएर मेस्मेर यांचं. त्याचा आशय असा की स्थानिकांची राष्ट्रवादी मागणी टाळायची असेल तर फ्रान्समधून मोठ्या प्रमाणावर माणसं नेऊन वसवा, बायका-मुलांसह, म्हणजे बहुसंख्या आपली. इतकं स्वच्छ. सैन्य नको, कर्फ्यू नको, जनगणना पुरे.

आता मतदारयादीचं पुन्हा बघा. काही कळतंय?

मधली वर्षं मी भरभर सांगते, कारण त्यावर पुस्तकं आहेत. १९८४ मध्ये एफएलएनकेएस स्थापन झाली. निवडणुकीच्या दिवशी एलोई माशोरोनं कानालात कुऱ्हाडीनं मतपेटी फोडली. हो, तेच कानाला, जिथल्या योद्ध्यांनी अताईला मारलं होतं. दोन महिन्यांत पोलिसांच्या नेमबाजांनी माशोरोला टिपलं. आणीबाणी लागली, मुळात अल्जीरियाच्या युद्धासाठी केलेल्या कायद्याखाली. एप्रिल १९८८ मध्ये उवेआ बेटावर कनाक तरुणांनी पोलीस ठाण्यावर हल्ला केला, चार पोलीस मेले, बाकीच्यांना ओलीस धरून गुहेत नेलं. अध्यक्षीय निवडणुकीच्या दोन फेऱ्यांमधला काळ. ५ मे ला सैन्य गुहेत घुसलं. १९ कनाक आणि २ सैनिक ठार. काही कनाकांना शरण आल्यावर मारलं, हा आरोप आजही धगधगतो. मग करार झाले. कनाकांचे नेते ज्याँ-मारी चिबाऊ यांनी सही केली, त्यांचे दोन भाऊ १९८४ च्या हत्याकांडात गेले होते तरीही. वर्षभरानं उवेआतच, ‘तू आम्हाला विकलंस’ असं वाटणाऱ्या एका कनाकानंच त्यांना गोळी घातली.

फ्रेंचांनी या सगळ्या वर्षांना काय नाव दिलंय माहितीय? ‘घटना’. नुसतं ‘घटना’. माझं ‘दंगली’ त्यापुढे बरंच म्हणायचं.

१९९८ च्या नूमेआ करारानं ठरलं की स्थानिक निवडणुकांची मतदारयादी गोठवायची, नव्यानं येणाऱ्यांना त्यात मत नाही. स्वातंत्र्यावर सार्वमतं होतील. २०१८ मध्ये ‘नाही’ला ५६.७ टक्के, २०२० मध्ये ५३.३. फरक कमी होत होता. तिसरं डिसेंबर २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेनंतर. कनाकांच्या घरोघरी सुतक होतं आणि त्यांच्यात मयतीचे विधी दीर्घ चालतात. पुढे ढकला म्हणाले, ढकललं नाही, त्यांनी बहिष्कार टाकला. ‘नाही’ला ९६.५ टक्के, मतदान जेमतेम ४४. आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या संसदेत विधेयक आलं, दहा वर्षं बेटावर राहिलेल्यांना यादीत घ्या.

इथे मी स्वतःशी भांडले, खरं सांगते. दहा वर्षं एखाद्या ठिकाणी राहिलेल्या, कर भरणाऱ्या माणसाला मत नको? हा प्रश्न खोटा नाही. तिथेच जन्मलेल्या, दुसरं गाव नसलेल्या गोऱ्या पोरांचंही ते घर आहे. पण मेस्मेरचं पत्र वाचल्यानंतर ‘एक माणूस, एक मत’ हे वाक्य त्या बेटावर वेगळं ऐकू येतं, एवढं तुम्हालाही मान्य होईल. २०१९ मध्ये कनाक ४१ टक्के होते.

२०२४ च्या हिंसाचारात १४ जण गेले. बहुतेक कनाक, दोन पोलीसही. कारेम्ब्यूनं फ्रेंच रेडिओवर सांगितलं की त्याच्या कुटुंबातले दोन तरुण गोळीनं मेले. कर्फ्यू कित्येक महिने चालला, रात्री दिसायचं नाही. आंदोलनाचा एक नेता क्रिस्टियन तेईन याला सहकाऱ्यांसह विमानात घालून फ्रान्समधल्या तुरुंगात नेलं, १७ हजार किलोमीटर लांब. ज्या बेटावर एके काळी फ्रान्समधून कैदी आणत, तिथून आता उलट वाहतूक! तुरुंगात असतानाच तो एफएलएनकेएसचा अध्यक्ष निवडला गेला. जून २०२५ मध्ये सुटला, आणि ऑगस्टमध्ये आघाडीनं तो बूजिव्हाल करार फेटाळला. त्यात ‘राज्य’ हा शब्द होता, पण फ्रान्सच्या आतलं राज्य.

शब्दांवरून आठवलं. ‘कनाक’ मूळचा हवाईकडचा, अर्थ फक्त ‘माणूस’. गोऱ्यांनी त्याची शिवी केली. सत्तरच्या दशकात तरुण कनाकांनी, त्यातले काही पॅरिसमध्ये शिकून आलेले, ती शिवी उचलली, फ्रेंच स्पेलिंग टाकून दिलं आणि स्वतःचं केलं. आता तो दोन्हीकडून सारखाच वाचता येतो. आपल्या लिपीतही, क, ना, क.

दुसऱ्या दिवशी मी आमचं संक्षिप्त शोधलं. आतल्या पानावर, जाहिरातीच्या वर, चार ओळी. माझं वाक्य होतं तसंच होतं. फक्त प्रूफमध्ये कुणीतरी ‘कनाक’ दुरुस्त करून ‘कनक’ केलं होतं.